रद्द झालेलं व्याख्यान

"तुझं पत्र लय चांगलं होतं, बेटा," असं रघुनाथराव फोनवर म्हणाले, तेव्हा दीपालीनं सवयीनं आधी "थँक्यू सर" म्हटलं आणि मग, कोणतं पत्र, हा प्रश्न तिच्या मनात आला. पांढुर्ण्याहून सुटलेली सकाळची बस सौंसरकडे चालली होती, खिडकीची काच एकसारखी खडखडत होती, आणि रघुनाथराव सांगत होते की तब्येतीचं, प्रवासाचं तू इतक्या आपुलकीनं लिहिलं की व्याख्यान रद्द झाल्याचं काही मनाले लागलं नाही. होते अशा गोष्टी. "रद्द?" ती म्हणाली. "सर, कोणी रद्द केलं?" मग ते हळूच म्हणाले, "तूच तं केलं नं," आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

तिनं चावडीचा मेल उघडला. पाठवलेल्या पत्रांत सगळ्यात वर ते होतं, काल दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी गेलेलं. काल चार वाजता ती हायड्रॉलिक्सच्या प्रयोगशाळेत वाल्व्हपाशी उभी होती, ओल्या हातानं. पत्र आठ ओळींचं होतं. उन्हं आता तापू लागली आहेत, आपण नुकतेच आजारातून उठला आहात, आपल्यासारख्या जाणत्या माणसाला दगदग द्यावी हे आम्हाला बरं वाटेना, शनिवारचं व्याख्यान तूर्त थांबवत आहोत, आपला आशीर्वाद असू द्यावा. खाली 'मनापासून, आपली दीपाली नारनवरे, निमंत्रक, चावडी'. 'मनापासून'नंतरचा तो स्वल्पविराम तिचाच होता. तसा स्वल्पविराम दुसरं कोणी देत नसे, चावडीतली मैत्रीण अमृता त्यावरून तिला हसायची. राग यायला हवा होता, पण आधी आली ती एक विचित्र लाज. पत्र खरोखरच चांगलं होतं. रघुनाथरावांना नाही म्हणायची वेळ तिच्यावर आली असती तर तिनं हेच लिहिलं असतं, ह्याच क्रमानं, उन्हापासून सुरुवात करून. ती ते पुन्हा पुन्हा वाचत राहिली आणि प्रत्येक वाचनागणिक, आपण लिहिलंच नाही ना, याची खात्री थोडी थोडी सुटत गेली. अंगात घालायला काढलेला कुर्ता कोणाच्या तरी अंगाच्या उबेसकट हाती लागावा, तसं तिला आपल्या नावाचं झालं.

चावडी पोरांची होती. विद्यापीठ सौंसरच्या बाहेर, बोरगावच्या रस्त्याला. तंत्र विद्यापीठ, खासगी, काचेचं प्रवेशद्वार आणि आत सरळ रेषेत लावलेली ताडाची झाडं. सहा वर्षांपूर्वीच्या पोरांनी मेसच्या मागं, कडुनिंबाखाली, शनिवारी दुपारी कोणालातरी बोलवायचं आणि ऐकायचं असं सुरू केलं होतं. दीपाली पहिल्या वर्षाला आली तेव्हा तिथं सौंसरची एक बाई बोलत होती, विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी पुन्हा बांधून देणारी. पेचकसाचं टोक मोटारीला आणि मूठ कानाला लावून आतला आवाज कसा ऐकायचा, हे तिनं पोरांना करून दाखवलं होतं. मशीन खोटं बोलत नाही, असं ती सहज म्हणून गेली होती. दीपाली सगळ्यात मागं मातीत बसली होती, आणि घरी जाताना बसमध्ये तिनं ठरवून टाकलं होतं की चावडीचं काम आपण करायचं. पुढं विद्यापीठानं सभागृह दिलं. मग माइक दिला, मग पोस्टरवर घालायला आपलं चिन्ह, मग आपल्या नावाचा मेल. प्रत्येक वेळी पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या. सभागृहात गार वाटायचं, खुर्च्या मऊ होत्या, बाहेरचा आवाज आत येत नसे. मग एक फॉर्म आला, वक्ता काय बोलणार त्याचे मुद्दे चार दिवस आधी भरायचे, नुसती नोंद म्हणून. रघुनाथराव कळंबे विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये इन्स्ट्रक्टर होते, मागल्या वर्षी निवृत्त झालेले. विषय 'कार्यशाळेतली सुरक्षितता'. मुद्दे त्यांनी फोनवर सांगितले आणि दीपालीनं भराभर टाइप केले. चौथा मुद्दा सांगताना ते जरा थांबले होते. 'हिरामण सोमकुवर यांचा मृत्यू, तो दिवस.' हिरामण कोण, हे तिनं विचारलं नव्हतं. पाचवा मुद्दा कोणता, एवढंच विचारलं होतं.

विद्यापीठाच्या फाटकाशी उतरली तर नवं पोस्टर लागलेलंही होतं. शनिवार, तीन वाजता, कोणी माजी विद्यार्थी, पुण्याच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेला. विषय, यशाकडे झेप. खाली परिचय करून देणार म्हणून दीपाली नारनवरे. शाई कोरडी होती. म्हणजे हे पोस्टर आज छापलेलं नव्हतं.

डीन सरांनी तिला उभं ठेवलं नाही. खुर्ची दिली, पाणी मागवलं. त्यांचा आवाज नेहमीच दवाखान्यातल्या माणसासारखा खालच्या पट्टीत असे. "देखो बेटा," ते म्हणाले, "चावडी विद्यार्थ्यांची आहे. विद्यापीठ तिच्यात कधी पडत नाही, हे तर तुम्हीच सगळीकडे सांगता. पत्र चावडीच्या मेलवरून गेलं, निमंत्रकाच्या नावानं गेलं. आता त्यात आम्ही काय बोलणार?"

"पण सर, मी पाठवलं नाही."

"तो तुमचा आपसातला प्रश्न आहे." ते हसले. त्या हसण्यात काहीच वाईट नव्हतं, म्हणून तिला ते अधिकच नकोसं झालं. "एक सांगतो. त्या हिरामणची बायको इथं बोरगावला राहते. स्टेजवरून नवऱ्याचं मरण कोणी सोलून दाखवलं तर त्या बाईला काय वाटेल, याचा विचार केला का? तू संवेदनशील मुलगी आहेस. शनिवारचा परिचय छान करतेस, असाच कर." ती उठली तेव्हा ते कागदातून मान वर न करता म्हणाले, "बाबा पांढुर्ण्याला नगरपालिकेत ना? पाणीपुरवठ्यात?" तिनं हो म्हटलं. हे तिनं त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

पासवर्ड दोघींकडेच होता, तिच्याकडे आणि अमृताकडे. अमृता कँटीनमध्ये भेटली. तिनं चष्मा काढून ओढणीनं पुसला, डोळ्याला लावला, पुन्हा काढून पुसला. "अगं, ऑफिसनंच तर मेल उघडून दिला होता. त्यांच्याकडे असणारच ना पासवर्ड," ती म्हणाली. हे इतकं साधं होतं की दीपालीला एकदम हलकं वाटलं. तीन वर्षं दोघी एका ताटात जेवल्या होत्या. हिरामण कोण, असं दीपालीनं विचारलं तर अमृता चहाच्या कपात पाहत म्हणाली, वर्कशॉपमध्ये मदतनीस होता म्हणे, मशीनमध्ये सापडला, आपण यायच्या आधीचं आहे, त्याचीच चूक होती. दीपाली हो म्हणाली. काही वेळानं तिच्या लक्षात आलं की त्याचीच चूक होती, हे वाक्य आपणही कुठंतरी ऐकलेलं आहे, पहिल्याच वर्षी, वर्कशॉपच्या पहिल्याच तासाला. एप्रन घाला, केस बांधा, इथं एक माणूस स्वतःच्या चुकीनं गेला आहे. नाव कोणी सांगितलं नव्हतं आणि चाळीस पोरांपैकी कोणी विचारलंही नव्हतं. त्या तासाला तिनं केस घट्ट बांधले होते, इतके की कपाळ दुखलं होतं. ते दुखणं तिला आठवत होतं, माणसाबद्दलचं काहीच आठवत नव्हतं.

घरी बाबा मोरीत हात धूत होते. नेहमीपेक्षा जास्त वेळ. पांढुर्ण्याचा जिल्हा झाला तेव्हापासून त्यांच्या मागं कामं वाढली होती, नवे नवे साहेब आले होते, नव्या कॉलन्यांना नवे नळ. "आज साहेबांनी बोलवलं होतं," ते पाठमोरेच म्हणाले. "म्हने, नारनवरे, तुमची पोरगी लय पुढं जाईन. तिच्या डीनसाहेबांचा फोन आला होता म्हने, सहज."

"अजून काय म्हणाले?"

"काईच नाही. हासून बोलून राहिले होते." बाबांनी नळ बंद केला. "मी तीस वर्षं नोकरी केली. साहेब ओरडला तं मले भेव लागत नाही, पोरी. हासून बोलला का लागते." मग ते वळले आणि तिच्याकडे पाहून म्हणाले, "मी तुले काही कर म्हनत नाही, नको कर असंही म्हनत नाही. नुसतं सांगून राहिलो." जेवताना आईनं दोनदा विचारलं, काय झालं, आणि दोन्ही वेळा दोघंही एकदमच काही नाही म्हणाले.

शनिवारी परिचयासाठी काढून ठेवलेला निळा कुर्ता घालून ती निघाली. परिचय लिहिलेला होता, पर्समध्ये होता, तोही चांगलाच झाला होता. सौंसरला उतरेपर्यंत आपण सभागृहातच चाललो आहोत असं तिला वाटत होतं. पण पाय रस्ता ओलांडून लोधीखेड्याच्या ऑटोपाशी गेले. ऑटोत संत्र्याची दोन पोती आणि एक म्हातारी होती. अमृताचा फोन वाजत राहिला. पावणेतीनला वाजला, तीनला वाजला, तीन वाजून पाच मिनिटांनी वाजला आणि मग थांबला. म्हणजे अमृता स्टेजवर गेली.

रघुनाथराव घरी होते, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, बाहेरच्या खोलीत, जसे काही कुठं जायला निघाले आहेत. आजारानं गळ्याची कातडी सैल पडली होती. तिनं उंबऱ्यातूनच सांगून टाकलं, "सर, ते पत्र माझं नव्हतं."

"तुह्या आवाजावरून त्याच दिवशी समजलं मले," ते म्हणाले. "बस." त्यांच्या मांडीवर कागदाची घडी होती, भाषणाची. ती त्यांनी उघडली नाही. घरात दुसरं कोणी नव्हतं. अंगणात कोणाचीतरी कोंबडी कचऱ्यात उकरत होती, तेवढाच आवाज. "तिथं दोनशे पोरांपुढं सांगनार होतो. आता तू एकटी आली. एकटीले सांगनं जास्त कठीण आहे." आणि मग त्यांनी सांगितलं, थांबत थांबत, कधी तिच्याकडे तर कधी स्वतःच्या हातांकडे पाहत. तपासणीचे लोक यायचे होते. पत्रा कापायच्या मशीनचा पट्टा सकाळीच उतरला होता आणि हिरामण मागं वाकून तो चढवत होता. मेन स्विच खाली पाडून वीज रघुनाथरावांनीच बंद केली होती. विभागप्रमुख धावत आले, लोक जिन्यापर्यंत आले, सगळ्या मशीनी चालू दिसल्या पाहिजेत, म्हणाले. "मी मेन वर केलं."

"तुम्ही विसरला होता का सर, तो मागं आहे ते?" तिच्या आवाजात विनवणी होती. ती तिला स्वतःला ऐकू आली.

"लोकाइले मी तेच सांगत आलो, मनातल्या मनात. का मले वाटलं तो निघाला असन. पन वाटलं नव्हतं मले काही. मी पाहिलंच नाही. पाहाले दोन पावलं जा लागत होतं." त्यांनी दोन बोटं वर केली. "दोन पावलं. रिपोर्टात लिवलं, कर्मचाऱ्यानं निष्काळजीपणानं स्वतःच मशीन सुरू केली. खाली सही माही. मंग दोन वर्षं नोकरी केली तिथंच. पोराइले शिकवलं, केस बांधा, एप्रन घाला." आणि मांडीवरची घडी नीट करत म्हणाले, "तुहं पत्र आलं नं, मले हायसं वाटलं. देवानंच वाचवलं म्हटलं. आभार मानाले म्हनून तं सकाळीच फोन केला तुले."

हे ऐकलंच नसतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. इतकं स्पष्ट वाटलं की ती दचकली. ती एका साक्षीदाराला भेटायला आली होती, ज्याचं तोंड बंद केलं गेलं आहे अशा म्हाताऱ्या माणसाला, आणि समोर हा बसला होता, इस्त्रीच्या सदऱ्यातला, ज्यानं ते केलं होतं. पत्र इतकं चांगलं का होतं ते तिला आता उमगलं. ज्यानं लिहिलं त्याला ठाऊक होतं की ह्या माणसाला नको असं कोणीतरी म्हणायला हवं आहे. आणि आपण? आपल्यालाही परवा, डीन सरांच्या खोलीतून बाहेर पडताना, कोणी म्हटलं असतं की जाऊ दे, तर हायसं वाटलंच असतं की. "त्यांच्या बायकोला माहीत आहे?" तिनं विचारलं. रघुनाथरावांनी मान हलवली. बोरगावला, संत्र्याच्या शेडमध्ये ती कामाला आहे, एवढं सांगितलं, आणि म्हणाले, "तू सांगशील काय तिले?" ती पर्स उचलून उठली.

बोरगावच्या शेडमध्ये संत्र्यांचे ढीग लागले होते, मृगाच्या बहाराचे, आणि दहा-बारा बाया ओळीनं बसून लहान-मोठं, डागी-बिनडागी वेगळं करत होत्या. वास इतका दाट होता की तोंडाला चव आल्यासारखं वाटत होतं. हिरामणची बायको प्रमिला शेवटी बसली होती, चाळिशीची, हाडकुळी, हात न थांबवता वर बघणारी. चावडीकडून आले, असं दीपालीनं म्हटल्यावर ती म्हणाली, "अजून काय राह्यलं? बुधवारी तं सही नेली तुमच्यावाल्या पोरीनं."

"कोणत्या पोरीनं?"

"चष्म्यावाली. दीपालीनं पाठवलं म्हने. माह्या नवऱ्याच्या नावाचा तमाशा नाही पायजे, असं लिवलं होतं कागदावर. मले तं तमाशा नाहीच पायजे, केली सही." तिनं एक डागी फळ मागं टाकलं. "लय रडली पन ती पोरगी. मीच पानी देल्लं तिले."

दीपाली तिच्याशेजारी पोत्यावर बसली. अमृताचा विचार आत्ता करायचा नाही, असं तिनं ठरवलं, जसं माणूस ठेच लागलेल्या बोटाकडे बघत नाही. आणि मग तिनं रघुनाथरावांचं सगळं सांगितलं. पट्टा, जिन्यावरचे लोक, मेन स्विच, दोन पावलं. सांगताना तिला आपला आवाज कुठंच सुंदर करता आला नाही. एकदा ती अडखळली, एकदा चुकून सकाळऐवजी दुपार म्हणाली आणि ते दुरुस्त केलं. प्रमिलाचे हात चालूच होते, पण आता ती लहान-मोठं सगळं एकाच ढिगात टाकत होती. बाजूची बाई म्हणाली, अवं प्रमिला, पाहून टाक. तेव्हा हात थांबले.

"तीन वर्षं," प्रमिला म्हणाली, "तीन वर्षं मी त्याच्याशी भांडून राहिली. रोज. स्वयंपाक करता करता. तू मशीन चालू करून मागं गेलाच काहून, म्हनून. मेलेल्या मानसाले बोलत होती मी. पोरगी इचारे, बाबा कसे गेले, तं सांगे, तुहा बाप बेपर्वा होता, तू नोको तशी होऊ." ती रडली नाही. पदरानं हातांचा चीक पुसत राहिली, एकेक बोट. "त्या मास्तराले म्हना, इथं ये. माह्या घरी. माही नेहा असन तेव्हा ये."

सोमवारी चावडीच्या फलकावर सूचना होती. दीपाली नारनवरे यांनी अभ्यासाच्या कारणास्तव निमंत्रकपद सोडलं असून त्यांच्या योगदानाबद्दल चावडी त्यांची आभारी आहे. लोक तिला थांबवून अभिनंदन करत होते. प्रोजेक्टचे गाइड बदलले होते. पांढुर्ण्याहून बाबांची बदली झाली नाही, नुसतं त्यांचं टेबल हलवलं, खिडकीपासून जिन्याखाली. त्यांनी ते जेवताना एका वाक्यात सांगितलं आणि भाजी आणखी वाढून घेतली.

अमृता तिला प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात भेटली, म्हणजे वाट अडवूनच उभी राहिली. "सर म्हणाले, एक पत्र लिही, नाहीतर दीपालीचं वर्ष जाईल. मी तुझ्यासाठी केलं."

"आणि त्या बाईकडे माझं नाव सांगितलंस, तेही माझ्यासाठी?"

अमृतानं चष्मा काढून हातात धरला. "सुरुवातीला वाटलं जमणार नाही," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर कसलं तरी आश्चर्य होतं, जे इतके दिवस तिच्या आत साचलं असावं. "पण तुझ्यासारखं लिहायला वेळच लागला नाही गं." दीपालीला वाटलं, हिला मारावं. वाटलं, हिच्या गळ्यात पडावं. तिनं दोन्ही केलं नाही. ती बाजूनं निघून गेली, आणि मागून हाक आली नाही.

रघुनाथरावांना तिनं एकच निरोप दिला होता, रविवार, दहा वाजता, बोरगाव. ते हो म्हणाले नव्हते. साडेनऊपासून ती प्रमिलाच्या अंगणात उभी होती. नेहा, बारा-तेरा वर्षांची, दोन वेण्या घातलेली, दाराच्या चौकटीला पाठ लावून तिला न्याहाळत होती. रस्त्याच्या वळणावर विद्यापीठाची पांढरी गाडी येऊन थांबली. काचा वर होत्या, इंजिन चालू होतं, कोणी उतरलं नाही. इथली खबर त्यांना कोणी दिली, दीपालीला ठाऊक नव्हतं. प्रमिलानं गाडीकडे एकदा पाहिलं आणि मग पाहिलं नाही. दहा वाजले. सव्वादहा झाले. दीपाली स्वतःला सांगत होती की रघुनाथराव येणार नाहीत, आणि न आले तर काय वाटेल ते आधीच वाटून घेत होती, हायसं धरून.

मग ते दिसले. लोधीखेड्याकडून आलेल्या ऑटोतून उतरले, सदऱ्याला आज इस्त्री नव्हती. पांढऱ्या गाडीपाशी आल्यावर त्यांचे पाय मंद झाले. गाडीची काच दोन बोटं खाली गेली, आतून कोणीतरी काहीतरी म्हणालं. ते उभे राहिले. दीपाली पुढं गेली नाही, तिनं हाकही मारली नाही. हे त्यांचं त्यांनाच चालायचं होतं. रघुनाथराव पुन्हा चालू लागले.

अंगणात येईपर्यंत त्यांना धाप लागली होती. त्यांनी प्रमिलाला हात जोडले, नेहाकडे पाहिलं आणि नजर वळवली, खिशातून कागद काढला, पुन्हा ठेवून दिला. बाजूला बाज टाकलेली होती. तिच्या कडेला हात टेकून ते बसायला वाकले.

"बसू नका," प्रमिला म्हणाली. तिनं नेहाला जवळ ओढून आपल्यापुढं उभं केलं. "उभ्यानंच सांगा."